नेटपुरवठा कमी दाबाने होईल

हुकूमशहा कसे तयार होतात यावर जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्या विद्वानांनी एकदा आमच्या सामरवरणीला यावं. रणगाडे लागत नाहीत, फौज लागत नाही, भाषणंसुद्धा लागत नाहीत. हुकूमशहा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होतो, सिल्वाशाच्या उशाला एक बैठी चाळ बांधतो आणि तिला वायफाय लावतो. बस्स. मी हे ऐकीव सांगत नाही. त्या राजवटीत मी भाडेकरू आहे. राज्यकर्ते म्हणजे आमचे घरमालक. त्यांचं नाव चाळीत कुणी घेत नाही, सगळे काका म्हणतात, अगदी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला कोपऱ्यावरचा पानटपरीवालासुद्धा. काका मूळचे कोकणातले. तरुणपणी इकडे आले आणि सगळी नोकरी लोकांचं पाणी सोडण्यात आणि लोकांचं पाणी बंद करण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल-श्रीफळ दिलं, ते त्यांनी काकूंच्या हातात दिलं आणि व्हॉल्व्ह फिरवायची कंबरेएवढी लोखंडी चावी तेवढी मागून घेतली. ती आजही अंगणात त्यांच्या खुर्चीला टेकून उभी असते. राजदंड म्हणतात तो हाच.

मी कामगारांच्या एका संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, भिंतीवर चिकटवते, कुणी फाडली की पुन्हा चिकटवते. खडोलीतल्या कारखान्यांच्या गेटांवर ठेकेदार, सुपरवायझर, वॉचमन अशा सगळ्यांशी माझी रीतसर भांडणं झालेली आहेत. त्या सगळ्या भांडणांत मिळून जेवढा माझा घसा बसला नसेल तेवढा या एका म्हाताऱ्यापुढे बसला.

वायफाय मुळात आम्हीच मागितलं, हे प्रामाणिकपणे सांगते. चाळ खोलगटात आहे, वर पत्रे आहेत, त्यामुळे मोबाईलचं नेटवर्क आमच्या खोल्यांत पाऊल टाकत नाही. फोन करायचा तर रस्त्यावर टपरीच्याही पुढे जायचं. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून काकांना गळ घातली, आणि काकांनी ऐकलं. आलेल्या पोराने राउटर बसवला, आणि जाता जाता काकांच्या मोबाईलवर एक पान उघडून दाखवलं. त्या पानावर चाळीतल्या प्रत्येकाचा फोन नावानिशी दिसत होता. फोन जोडलेला असला की नाव हिरवं, नसला की करडं. आणि प्रत्येक नावासमोर दोन आकडे: किती आत येऊ द्यायचं आणि किती बाहेर जाऊ द्यायचं. त्या पोराला बिचाऱ्याला काय माहीत आपण कुणाच्या हातात काय देतोय! काकांनी ते पान खालून वर, वरून खाली पाहिलं आणि काकूंना हाक मारली. "अगो, बाहेर ये. हे तर व्हॉल्व्ह आहेत!" काकू सांगतात की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या चाळीत नेट चालत नाही, नेट 'सुटतं'. फाटकाशी एक काळा फळा लागला. त्यावर रोज काकांच्या वळणदार अक्षरात खात्याच्या भाषेतली सूचना येते. 'आज सायंकाळी नेटपुरवठा कमी दाबाने होईल. रहिवाशांनी सहकार्य करावे.' कधी 'उद्या दुरुस्तीनिमित्त पुरवठा बंद. आवश्यक ते आधीच भरून ठेवावे.' दुरुस्ती म्हणजे काय, तर राउटर पुसणं. भरून ठेवावे म्हणजे काय, हे आम्ही एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पिक्चर बघायचा असेल तर आदल्या दिवशी उतरवून ठेवायचा. नळ गेल्यावर हंडा घेऊन उभं राहणाऱ्यांतले तुम्ही!" सकाळी पहिल्यांदा नेट सोडलं की लगेच कुणी वापरायचं नाही. का? तर सुरुवातीचं गढूळ येतं. थोडं वाहू द्यायचं. तेवढ्या वेळात एकदा मी निरोप पाठवला, तर अंगणातून आवाज आला, "कोण गो ते गढूळ वापरतंय?" व्हिडिओ अडकला, गोल गोल फिरायला लागला, की काकांचं निदान ठरलेलं: लाइनीने एअर धरली. मग ते सगळ्यांना आपापल्या फोनवर एकदम काहीतरी चालू करायला लावतात, हवा निघून जायला. एका खोलीत भजन, दुसरीत कुस्ती, तिसरीत गुजराती बातम्या, आणि मधोमध काका डोळे मिटून, राउटरला उलटा हात लावून, ताप बघावा तसे उभे. "सुटली," म्हणायचे. आणि संतापाची गोष्ट अशी की खरंच सुटलेली असायची.

गळतीचं तर विचारू नका. एके दिवशी काका मोबाईल हातात धरून भिंतीभिंतीने हिंडताना दिसले. त्यांना शोध लागला होता की आपलं वायफाय कंपाउंड ओलांडून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातं. मी म्हटलं, "काका, जाऊ द्या की. टपरीवाल्याकडे साधा फोन आहे, तो कुठे वापरतोय?" काका थांबले. माझ्याकडे असं पाहिलं की मी भर रस्त्यात नळ उघडा टाकून आले असावे. "कुणी पीत नाही म्हणून गळती गळती राहत नाही काय?" दुसऱ्या दिवशी त्या बाजूच्या भिंतीवर छपराचे उरलेले पत्रे उभे ठोकले गेले. मला वाटलं, पत्र्याने काय थांबतंय! थांबलं. टपरीशी गेलं की फोन कोरडा ठणठणीत. काका चावी आपटून म्हणाले, "बघ पुढारी." मला ते पुढारी म्हणतात. त्यात कौतुक किती आणि खवचटपणा किती, याचं माप त्यांच्या त्या पानावरही सापडायचं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. एक गोष्ट स्पष्टच मान्य करते: वाटपात लबाडी नव्हती. सगळ्यांना सारखं. स्वतःच्या फोनला तर सगळ्यांत कमी. "पाणी सोडणाऱ्याच्या घरी धो धो पाणी असलं की समजायचं तो चोर आहे," हे त्यांचं ब्रीद. खरा अन्याय दुसऱ्या आकड्यात होता. बाहेर जाणाऱ्या.

त्यासाठी एक जुनं वैर समजून घ्यावं लागेल. काका पाणीपुरवठ्याचे. ड्रेनेजवाले वेगळे. एकाच आवारात दोन कार्यालयं, आणि काकांच्या मते एका बाजूला गंगा आणि दुसऱ्या बाजूला जे असायचं ते. पाणी आणून देणं हे पुण्यकर्म, वाहून नेणं हे कुणीही करील. याच तत्त्वावर त्यांनी चाळ बांधली. नळ असे की सिल्वाशात तसा दाब कुठे मिळणार नाही. आणि मोऱ्यांना पाइप बोटभर. "मोरीवर कशाला खर्च," म्हणाले असतील. परिणाम असा की आमच्याकडे पाणी आनंदाने येतं आणि जायचं नाव घेत नाही. भांडी घासताना घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तव्याने पाणी पुढे लोटायचं, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला येतं. आता काकांच्या डोक्यात डाउनलोड म्हणजे नळ आणि अपलोड म्हणजे मोरी, हे एकदा बसलं. झालं! आत येणारं सगळ्यांना भरपूर आणि बाहेर जाणारं बोटभर. वर उपदेश: "माणसाने घ्यावं भरपूर, बाहेर टाकावं थोडं. तुमच्या सगळ्यांचे फोटो जगाने बघून जगाचं काय भलं होणार आहे?"

याचा अर्थ काय होतो हे भोगल्याशिवाय कळत नाही. व्हिडिओ कॉल लावला की आम्हाला समोरचा लख्ख दिसतो, त्याच्या मागच्या कॅलेंडरवरची तिथीसुद्धा वाचता येते. त्याला मात्र आम्ही दिसतो ते एकदाच. मग तिथेच थिजतो. लूमवर काम करणारा ईश्वरभाऊ, धुळ्याकडचा, बायकोशी बोलताना शिंकला, तो त्या शिंकेच्या तोंडाने अख्खा कॉलभर तिच्यासमोर राहिला. तिने माहेरी सांगितलं की तिकडच्या हवेने यांचं तोंड वाकडं झालंय. मेहुणे बघायला आले! अख्खं जग आम्हाला ऐकवतं आणि आमचं जगाला ऐकू जात नाही. मी म्हणते, प्रजा आणखी कशाला म्हणतात? हे वाक्य मी नंतर पत्रकात घातलं. अजूनही मला ते चांगलं वाटतं.

आता सुनंदा. माझ्या खोलीतली जोडीदारीण, शहाद्याकडची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली आणि खडोलीच्या सुताच्या कारखान्यात बॉबिनी उचलणारी. बॉबिनी उचलण्यात कमीपणा नाही, तसं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. पण तिला प्रयोगशाळेत काम करायचं होतं, आणि काचेची नळी हातात धरल्याची स्वप्नं ती मला चहाबरोबर सांगायची. पुण्याच्या एका औषध कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं, व्हिडिओवर. तिने माझी बरी साडी नेसली, मागे चादर ताणून लावली, आणि बसली. मी दाराशी उभी. तिकडचे तीन जण विचारत होते, ही सांगत होती, इतकं सुंदर सांगत होती की मलाही टायट्रेशन काय ते कळल्यासारखं झालं. आणि मग त्यांतल्या एका बाईंचा आवाज आला, "यांनी फोटो लावून ठेवलाय का? बोलतच नाहीत." सुनंदा बोलतेच आहे. हात हलवतेय. ते आपसांत बोलतात, तेही आम्हाला स्वच्छ ऐकू येतं, हाच तर छळ. "कॅन्डिडेट घाबरलेली दिसते." आणि कॉल बंद.

सुनंदा रडली नाही. चादर काढून घडी घातली. म्हणाली, "मी तर सगळं सांगितलं वो ताई. मना मुखडा तिथेच अटकी गया." संध्याकाळी कंपनीचा निरोप आला: तांत्रिक अडचण असेल तर गुरुवारी सकाळी एकदाच पुन्हा संधी देऊ, नंतर नाही. गावात एखाद्या सायबरवाल्याकडे जाऊन बसावं, असं तिने सुचवलं. मी म्हटलं, त्या फॉर्म भरणाऱ्यांच्या कलकलाटात? आणि का म्हणून? हक्काचं नेट घरात असताना आपण का परागंदा व्हायचं?

मी पत्रक लिहिलं. मथळा, 'आवाजावर व्हॉल्व्ह! जाहीर निषेध!' खाली सडेतोड मजकूर, शेवटी 'तमाम भाडेकरूंनो, एक व्हा'. फळ्याशेजारीच चिकटवलं. काका चष्मा लावून उभे राहिले, सगळं वाचलं, खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी एका ओळीत दुरुस्ती केली. मी 'दाब वाढवा' लिहिलं होतं, त्याचं त्यांनी 'दाब योग्य करावा' केलं. "दाब नुसता वाढवला तर सांधे सुटतात, पुढारी. बाकी मजकूर ठीक आहे. अक्षर सुधार."

मग आम्ही शिष्टमंडळ नेलं: मी, सुनंदा आणि ईश्वरभाऊ. काका अंगणात खुर्चीवर, चावी शेजारी, काकू मागे मोरीवर भांडी घासत. मी मुद्दा मांडला, समतेचा, अभिव्यक्तीचा, रोजगाराचा. ईश्वरभाऊ मध्येच म्हणाला, "काका, मेरेकू पण थोडं वाढवून द्या ना, बायको फार डाउट घेते." काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुरवठा हवा तेवढा वाढवतो. पण बाहेर टाकायला वाढवून मागणारे लोक मी जन्मात पाहिले नाहीत. मोरीला कधी नळाचा मान असतो काय?"

"मान नसतो," मागून काकू म्हणाल्या, "पण पाइप मोठा असतो, हो."

काका वळले. काकू घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, एका हातात तवा, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी. "सगळ्या जगात मोरीचा पाइप नळाहून जाड असतो. आपल्याच घरी नाही. म्हणून मी लग्न झाल्यापासून, सॉरी, ही चाळ झाल्यापासून पाणी लोटतेय. सासर एवढं मोठं कोकणातलं, तिथे पाऊस पडून मोरी तुंबली नाही. इथे दोन कप विसळले की तुंबते. त्या पोरीचंही तेच झालंय. बोलणं तुंबलंय तिचं आत. जाणार कुठून?"

मी पत्रकात एवढा घाम गाळला होता, आणि तो एक शब्द मला सुचला नव्हता. तुंबलंय! काकांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक बरंच काही गेलं: ड्रेनेजवाल्यांचं कार्यालय, बोटभर पाइप, ईश्वरभाऊचे मेहुणे. ते सुनंदाकडे बघून म्हणाले, "तुंबलंय होय गो? मग तसं सांगायचं. निषेध काय करता? तुंबलं असेल तर तक्रार नोंदवायची, माणूस येऊन बघतो." आणि बसल्या जागी मोबाईल काढून, चावीवर एक हात ठेवून, त्यांनी सगळ्या चाळीची अपलोडची तोटी पूर्ण उघडली. सगळ्यांची. स्वतःचीसुद्धा. "तुंबवून ठेवलं ते माझंच चुकलं," एवढंच म्हणाले, तेही चावीकडे बघून.

बुधवारचा तो दिवस. आम्ही घोषणा द्यायच्या बेतात होतो, आणि चाळीतलं सगळं नेट मेलं. का, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. प्रत्येकाच्या फोनमध्ये किती काळापासून फोटो, व्हिडिओ, बाहेर जाता न आलेलं काय काय अडकून पडलं होतं. तोटी उघडताच ते सगळं एकदम निघालं. ईश्वरभाऊच्या बायकोला त्याचे विसरून गेलेले सगळे निरोप एका दमात मिळाले, त्यात मागच्या भांडणातली उत्तरंही होती, त्यामुळे ते भांडण नव्याने सुरू झालं. काका मात्र खूश. "मोरी मोकळी केली की असंच होतं. आधी सगळा गाळ येतो."

गुरुवारी सकाळी फळ्यावर सूचना: 'सुनंदाच्या मुलाखतीनिमित्त सर्व रहिवाशांचा नेटपुरवठा बंद राहील. आधीच भरून ठेवावे. शिंकू नये.' शेवटचं वाक्य ईश्वरभाऊसाठी होतं. काकांनी सुनंदाची सोडून सगळ्यांची तोटी बंद केली, राउटरला गढूळ वाहू दिलं, आणि चावी घेऊन आमच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, मोबाईलवर ते पान उघडं ठेवून. त्यांचे गुडघे धड नाहीत, टपरीपर्यंत चालवत नाही, पण त्या खुर्चीत ते असे ताठ बसले होते की धरणाच्या भिंतीवर बसावं.

मुलाखत सुरू झाली. "हां, आता दिसताय," त्या बाई म्हणाल्या, आणि मी श्वास सोडला. दोन-तीन उत्तरं छान गेली. मग आवाज अडखळला. "पुन्हा बोला... मॅडम, तुटतंय." सुनंदाने पुन्हा सांगितलं. "नाही येत." तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कुठल्याही पत्रकात मांडता येणार नाही.

काका बाहेर कुजबुजत ओरडले, "गळती! कोण वापरतंय?" खोल्याखोल्यांतून माना बाहेर आल्या, सगळ्यांनी आपापले फोन हात वर करून दाखवले, धाड पडावी तसे. ईश्वरभाऊने नाक धरलेलं. काकूंनी पदराआडून आपला फोन काढून दाखवला, बंद होता. कुणाचंच चालू नव्हतं. मग मला काकांच्या हातातल्या फोनच्या वरच्या कडेला एक बारीक बाण दिसला, वर वर वर जाणारा. 'फोटो पाठवले जात आहेत.' काल सगळ्यांबरोबर स्वतःची तोटी उघडली होती, आणि आज सगळ्यांची बंद करताना स्वतःची राहिली होती! निवृत्त झाल्यापासून त्यांनी काढलेले फोटो: गळके नळ, राउटरचे दिवे, फळ्यावरच्या जुन्या सूचना. सगळी राजवट वर चढत होती आणि सुनंदा खाली अडकली होती.

"काका, तुमचाच आहे!"

"माझा? माझा बंद करून कसं चालेल? मग व्हॉल्व्ह कोण बघणार?" ते आता घाईत स्वतःचा आकडा शोधायला लागले. चष्मा घसरतोय, पान सरकतंय, आणि आतून त्या बाईंचा आवाज, "आपण थांबूया का?"

काकू आल्या, कमरेवर हात. "अहो, सगळ्या गावाची गळती शोधलीत. तुम्हीच गळताय. बंद करा तो फोन!"

काकांनी एकदा त्या पानाकडे पाहिलं. सगळी नावं करडी, दोनच हिरवी: सुनंदाचं आणि त्यांचं स्वतःचं. मग त्यांनी बाजूचं बटण दाबून धरलं, आणि पडदा काळा झाला. आता त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. कुणाला किती येतंय, किती जातंय, काही कळायचा मार्ग नव्हता. त्यांनी ती लोखंडी चावी घेतली, तिचं खालचं टोक आमच्या उंबऱ्याला टेकवलं आणि वरच्या दांडीला कान लावला. जमिनीखालचं पाणी वाहतंय का, हे ते नोकरीत असंच ऐकायचे म्हणे. आत सुनंदा बोलत होती. न थांबता, न तुटता. काका डोळे मिटून म्हणाले, "वाहतंय."

नोकरी लागली. मी फार लांबवत नाही, कारण ती पुण्याला गेली तो दिवस सांगायला मला आवडत नाही. तिची पत्र्याची पेटी माझ्याकडेच राहिली, "येते मी घ्यायला, ताई," म्हणून. काकांनी दरम्यान काकूंच्या मोरीला जाड पाइप टाकून घेतला, आणि ड्रेनेजमधून निवृत्त झालेल्या आपल्या जुन्या वैऱ्याला बोलावून टाकून घेतला. दोघं अंगणात एका खुर्चीवर आणि एका उलट्या बादलीवर बसून पाणी सरसर जाताना बघत होते. बाकी राजवट चालूच आहे. फळा आहे, गढूळ आहे, दाब आहे. मी अजूनही पत्रकं चिकटवते, ते अजूनही दुरुस्त करतात.

एक दिवस मी त्यांच्या त्या पानावर डोकावले. करड्या अक्षरात 'सुनंदा' होतं, आणि समोरच्या दोन्ही तोट्या पूर्ण उघड्या. मी तत्त्वाची माणूस, म्हटलं, "काका, हे काय? सगळ्यांना सारखं ना? ती तर इथे राहतच नाही." काका म्हणाले, "वापरच नाही, तर कुणाचं कमी होतंय?" मग ते पान बंद करत, "माणूस गेलं म्हणून लाइन कापायची नसते, पुढारी." त्याच आठवड्यात भिंतीवरचे पत्रे उतरवलेले दिसले. विचारलं, तर म्हणाले, "गंजले होते." मी जवळ जाऊन पाहिले. कुठे गंज? नव्यासारखे होते.

होळीच्या आधी एका संध्याकाळी काका अंगणात मोबाईल घेऊन बसले होते, मी पायरीवर पत्रकांच्या घड्या घालत होते. ते एकदम म्हणाले, "सुनंदा आली." मी फाटकाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. रस्ताही रिकामा. "अजून टपरीशी आहे," ते म्हणाले आणि काकूंना हाक मारली, "चहा टाक गो!" चहाला उकळी फुटली आणि खांद्याला बॅग लावलेली सुनंदा वळणावरून आली, हातात टपरीवरून घेतलेला बडीशेपेचा पुडा. तिचा फोन तिच्या आधी घरी पोचला होता.

ती राहिली एकच दिवस. सकाळच्या बसने निघाली, मी पेटी घेऊन तिला स्टँडवर सोडायला. कोकणात पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची रीत आहे, काकांनी ती जन्मभर पाळली, पण आता गुडघे ऐकत नाहीत. ते खुर्चीतच राहिले, हात वर केला, आणि लगेच मोबाईलकडे बघायला लागले. मी परत आले तेव्हाही तसेच होते. काकू नव्या मोरीवर कप विसळत होत्या, आणि पाणी कसं सरळ निघून जात होतं. त्यांनी विचारलं, "गेली?"

काकांनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"टपरीपर्यंत पोचवली गो तिला," ते म्हणाले.